तिसरी रात्र : बाळाचे पोट भरते आहे की नाही, हे ओळखायचे कसे?

माहेरवाशीण
नमस्कार. सोमवारी पहाटे मला मुलगी झाली. बाळंतपण नैसर्गिक झाले, टाके आहेत, बाळाचे वजन २ किलो ९०० ग्रॅम भरले. बुधवारी दुपारी आम्ही रुग्णालयातून माहेरी, जुळे सोलापुरात आलो आणि आता गुरुवारचे पहाटेचे अडीच वाजले आहेत. रात्री नऊपासून लेक माझ्या अंगावरच आहे. पंधरा-वीस मिनिटे ओढते, डोळे मिटते, आणि खाली ठेवले की पाचव्या मिनिटाला मूठ तोंडात कोंबून पुन्हा रडायला लागते.

घरात माझ्यासकट पाच माणसे जागी आहेत आणि पाचांची मिळून सहा मते आहेत. आजीचे म्हणणे, "पोटच भरंना लेकराचं, म्हणून रडायलंय." सासूबाईंचा पुण्याहून दोनदा फोन येऊन गेला, त्यांच्या मते वरचे दूध सुरू करावे आणि मी झोप घ्यावी. भावाने साडेअकराला जाऊन पावडरचा डबा आणला. तो फ्रिजवर ठेवला आहे आणि बाजेवर पडल्या पडल्या मला नेमका समोरच दिसतो. मी दाबून पाहिले तर पिवळसर, घट्ट असे दोन-चार थेंब येतात. एवढ्यावर कोणाचे पोट कसे भरणार? शिवाय दिवसा बाहेर ४३ अंश होते, त्यामुळे तिला चमचाभर पाणी तरी द्यावे का, हाही प्रश्न आहे.

"काळजी करू नकोस" हे आज सगळ्यांचे सांगून झाले आहे. मला मोजता येईल असे काहीतरी सांगा.

शेंगाचटणी
ताई, अभिनंदन. आमच्या तिन्ही मुलांना पहिल्याच दिवशी सोन्याच्या अंगठीने मध चाटवला होता आणि तिघेही धडधाकट आहेत. थोडा मध आणि रात्री थोडे ग्राईप वॉटर देऊन पाहा, बाळ शांत झोपेल.

रात्रपाळी
मी सोलापुरातच २३ वर्षे बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका होते. निवृत्त झाले तरी या वेळेला जाग येतेच.

आधी मधाचे. वर लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटभरही देऊ नये. मधात बोट्युलिनम जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते काही करीत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात मात्र रुजतात आणि त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. हे क्वचितच घडते, त्यामुळे शंभर घरांत मध चाटवून काही होत नाही आणि म्हणूनच ही चाल टिकून आहे. ग्राईप वॉटर, गूळपाणी आणि सहाणेवर उगाळलेली घुटी यांचीही आत्ता गरज नाही. घुटीत जायफळ असले की बाळ गुंगते. गुंगलेले बाळ पीत नाही, आणि घरातले म्हणतात, गुण आला.

आता त्या पिवळ्या थेंबांविषयी. तो चीक आहे. गाय-म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण शेजारून वाटी मागून आणून खातो आणि घरच्या बाळंतिणीचा चीक मात्र साचलेले दूध म्हणून पिळून टाकायला सांगतो, हे कोडे मला नोकरीभर सुटले नाही. पहिल्या चोवीस तासांत बाळ एका वेळी २ ते १० मिलीलिटरच घेते. चहाचा चमचा साधारण ५ मिलीलिटरचा असतो, म्हणजे अर्धा ते दोन चमचे झाले. दुसऱ्या दिवशी ५ ते १५ आणि तिसऱ्या दिवशी १५ ते ३० मिलीलिटर. एवढ्याशा पोटात बाटलीने ६० मिलीलिटर ओतले तर बाळ सुस्त होऊन चार तास झोपते, घरातले सुटकेचा श्वास टाकतात आणि त्या चार तासांत तुमच्या अंगाला कोणी दूध मागतच नाही. मग दूध कमी येते, मग पुन्हा बाटली येते, आणि आठव्या दिवशी "हिला दूधच नव्हते" असे सगळे मनापासून सांगू लागतात.

वार पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक एकदम खाली येते आणि त्यामुळे भरपूर दूध तयार होऊ लागते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान स्तन जड होतात, तापल्यासारखे लागतात, तेच दूध उतरणे. पहिलटकरणीला, सिझेरियन झालेल्यांना, मधुमेह असणाऱ्यांना किंवा पुष्कळ रक्तस्राव झालेल्यांना थोडा उशीर लागतो. तुमची लेक रात्री नऊपासून जे करते आहे, ते दूध उतरायच्या आधीच्या रात्री पुष्कळ बाळे करतात. दूध आणणारे प्रोलॅक्टिन रात्रीच्या पाजण्याने अधिक स्रवते, म्हणून ही रात्र वाया जात नाही. तरी तिला पुरते की नाही, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. जन्मापासून किती लंगोट ओले झाले, शीचा रंग काय आहे आणि ती पिण्यासाठी आपणहून उठते का, हे लिहा.

दरम्यान एक करा. खोलीतला कूलर दोन मिनिटे बंद करा. बाळाचे पोट तुमच्या पोटाला टेकेल असे तिला आडवे घ्या, मान वळलेली नको, नाक स्तनाग्राच्या समोर हवे. ती मोठी जांभई दिल्यासारखे तोंड उघडेपर्यंत थांबा आणि मग तिला स्तनाकडे आणा; स्तन तिच्याकडे वाकवून नेऊ नका, पाठ दुखते आणि पकडही सुटते. नुसते अग्र नव्हे, त्याभोवतालचा काळा भागही तोंडात जायला हवा; खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी रुतलेली दिसली पाहिजे. मग ऐका. आधी भराभर चोखणे होईल, मग संथ, खोल ओढ आणि मध्येच श्वासासारखा बारीक "क्ह" असा आवाज. तो गिळण्याचा आवाज आहे. जीभ टाळूवर आपटल्यासारखे टक्‌ टक्‌ वाजत असेल किंवा गाल आत ओढले जात असतील, तर पकड चुकली आहे. करंगळी तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवा आणि पुन्हा लावा.

माहेरवाशीण
सिस्टर, कूलर बंद केला. पहिल्या दोन वेळा टक्‌ टक्‌ असाच आवाज आला आणि दुखलेही खूप. तिसऱ्यांदा तुम्ही लिहिल्याप्रमाणे ती तोंड उघडेपर्यंत थांबले, आणि आईने तिच्या खांद्यांमागे हात धरला. आवाज आला. आजीलाही ऐकू आला, आणि आजीला एरवी दारावरची घंटा ऐकू येत नाही.

हिशोब असा आहे : सोमवारी एक लंगोट ओला, मंगळवारी दोन, बुधवारपासून आत्तापर्यंत तीन. शी सोमवारी काळी, डांबरासारखी; काल संध्याकाळी काळपट हिरवी. ती आपणहून उठते, उठते म्हणजे काय, झोपतच नाही. एक गोष्ट लिहायला घाबरत होते. मंगळवारच्या लंगोटावर विटकरी रंगाचा डाग होता. आईला ते रक्त वाटले.

रात्रपाळी
पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, हाच हिशोब हवा असतो. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा चांगले ओले लंगोट व्हायला हवेत आणि शी तोपर्यंत पिवळी व्हायला हवी. विटकरी डाग बहुधा लघवीतल्या युरेट या क्षाराच्या कणांचा असतो. पहिल्या दोन दिवसांत दिसला तर घाबरण्यासारखे नसते. चौथ्या-पाचव्या दिवशीही दिसत राहिला, तर मात्र दूध कमी पडते आहे असे समजून त्याच दिवशी दाखवावे.

डायपर लावत असाल तर एवढे दिवस रात्रीही सुती लंगोटच ठेवा. डायपरमध्ये थोडी लघवी झालेली कळत नाही आणि तुमचा सगळा हिशोब त्यावरच उभा आहे. सकाळी बाळाला नेऊन वजन मात्र करून या.

पूर्वभागवाला
मी या धाग्यावर थोडे वेगळे लिहिणार आहे, कारण "सगळे ठीक होते" हे वाक्य ऐकत राहिल्यामुळे आमचे पाच दिवस वाया गेले होते.

मागच्या वर्षी माझ्या पत्नीचे सिझेरियन झाले आणि रक्तस्राव बराच झाला. मुलगा ३ किलो १०० ग्रॅमचा. तो रडतच नव्हता. पाजायला घेतले की दोन-चार ओढी घेऊन झोपायचा आणि मग चार-चार, पाच-पाच तास उठायचा नाही. सोसायटीतले येऊन म्हणायचे, किती गुणी बाळ आहे, आईला त्रास देत नाही. आम्हीही तेच म्हणत होतो. घरी सोडताना त्याची पकड कोणी पाहिली नाही, आणि पाहायची असते हे आम्हालाही ठाऊक नव्हते. पाचव्या दिवशी सकाळी माझ्या लक्षात आले की आदल्या रात्रीपासून दुपटे कोरडेच आहे. तोंड सुकलेले होते, अंग कोमट लागत होते आणि तळपायांपर्यंत पिवळेपणा उतरला होता. वजन भरले २ किलो ७२० ग्रॅम. ३८० ग्रॅम, म्हणजे बारा टक्क्यांहून अधिक वजन उतरले होते. अंगातले पाणी कमी पडून रक्तातले सोडियम वाढले होते. नवजात अतिदक्षता विभागात तीन दिवस काढावे लागले.

तिथे त्याला मोजून पावडरचे दूध दिले गेले आणि त्याबद्दल मला काडीचाही अपराधीपणा वाटत नाही. त्या वेळी ते औषधच होते. सोबत दर दोन-तीन तासांनी पत्नीने हाताने दूध काढणे सुरू ठेवले. पहिल्या दिवशी वाटीच्या तळाला लागेल एवढेच निघाले आणि ती रडली. चौथ्या दिवशी ४० मिलीलिटर निघाले. बाटली न वापरता तिथल्या परिचारिका चोचीच्या छोट्या भांड्याने, पलाड्याने पाजत होत्या. माझी आजी काचेतून पाहून म्हणाली, "हे तर आपलं उग्गुगिन्ने." आमच्या तेलुगू घरात चांदीचे ते भांडे कपाटात पडून होते; तुमच्याकडे त्याला बोंडले म्हणतात. घरी आल्यावर दहा मिनिटे उकळून तेच वापरले. तिसऱ्या आठवड्यात तो पूर्णपणे अंगावर पिऊ लागला.

म्हणून ताई, तुमची मुलगी रडते आहे हे वाचून मला तरी बरेच वाटले.

डब्याविषयी एक. त्यावर बाळाचे चित्र का नसते, हे मी त्या तीन दिवसांत शोधून काढले. १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने पावडरच्या दुधाची जाहिरात करायला आणि डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापायला बंदी आहे, आणि आईचे दूधच सर्वोत्तम असल्याची सूचना मात्र छापावीच लागते. विकत घेताना आम्ही दोघांनीही ती वाचली नव्हती.

स्टेथोस्कोप
मी बालरोगतज्ज्ञ आहे. वरील दोन्ही अनुभव एकाच वॉर्डात एकाच दिवशी दिसतात आणि अडचण अशी की दोन्ही घरे आपापल्या बाळाबद्दल नेमका उलटा अंदाज करतात. रडणारे बाळ उपाशी ठरते आणि झोपलेले तृप्त.

वजन पहिल्या काही दिवसांत उतरतेच, कारण बाळ अंगातले जास्तीचे पाणी टाकते. सात टक्क्यांपर्यंत उतरले तर मी पकड पाहतो आणि पुन्हा बोलावतो. सात ते दहाच्या दरम्यान असेल तर बाळ पाजताना समोर बसून पाहतो आणि दुसऱ्या दिवशी परत वजन करतो. दहाच्या पुढे गेले तर नुसत्या सल्ल्यावर घरी पाठवत नाही. जन्मवजन दहा ते चौदा दिवसांत परत यायला हवे, आणि त्यानंतर रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवीत. वजन त्याच काट्यावर आणि उघड्या अंगाने करावे, कारण कुंची आणि दुपटे मिळून सहज दीडशे ग्रॅम भरतात आणि तेवढ्याने सगळे गणित बिघडते.

पाण्याचे उत्तर : नको. आईच्या दुधात साधारण ८८ टक्के पाणीच असते आणि सोलापूरच्या मे महिन्यातही पहिले सहा महिने बाळाला वेगळे पाणी लागत नाही. उन्हाळ्यात चूक वेगळीच होते. बाळाला कुंची, दोन दुपटी आणि वरून सोलापुरी चादर अशा बंदोबस्तात बंद खोलीत ठेवतात, शेजारी शेगडीवर धुरी चालू असते, आणि मग बाळाला १०० अंश ताप आला म्हणून आणतात. कपडे काढून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. अंग तरीही १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असेल, तर ते बाळ रात्री कितीही वाजता दवाखान्यात यायला हवे.

पहिल्या चोवीस तासांतच आलेली किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ, बारा तास लघवी न होणे, पाजायला उठवूनही न उठणे, टाळू खोल जाणे, झटके येणे, यांतले काहीही दिसले तर धाग्यावर विचारू नका, १०८ ला फोन करा. कोवळ्या उन्हात ठेवून अशी कावीळ उतरत नाही. आणि सोलापुरात कोवळे ऊन सात वाजताच संपते.

रुग्णालयात बाळंतपण झाले तरी शासकीय योजनेप्रमाणे आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायची असते आणि तिच्याकडे वजनकाटा असतो. तिला चहा देऊन दारातून परत पाठवू नका, वजन करून घ्या. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातील सुमारे ८९ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत झाली होती, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे ४२ टक्केच होती. पहिला तास बहुतेक ठिकाणी बाळ पुसण्यात, तोलण्यात, आणि खरे सांगायचे तर नातेवाइकांना दाखवण्यात जातो.

नवी पेठेतली काकू
मी दोन सुनांची आणि एका लेकीची बाळंतपणे काढली आहेत, म्हणून आजीच्या बाजूने दोन शब्द लिहिते.

आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, बाळंतशेपा, सगळे करा. आळिवात लोह असते, रक्त गेलेल्या बाईला ते हवेच. पण आजच्या खिरीने रात्री दूध येईल, असे सांगून त्या मुलीला घाबरवू नये. खाणे आईचे अंग भरण्यासाठी. दूध येते ते बाळ ओढते म्हणून. आमच्या सासूबाई बाळंतिणीला दहा दिवस पाणी अगदी मोजून द्यायच्या, पोट सुटेल म्हणून. माझ्या पहिल्या खेपेला मे महिना होता आणि मी न्हाणीघरात जाऊन चोरून तांब्याने पाणी प्यायले होते. ताई, तू चोरून पिऊ नकोस, राजरोस पी. पाजायला बसताना शेजारी भरलेला तांब्या ठेवायचा, एवढे आजीला सांग. त्यांना काम दिले की त्या बोलत नाहीत. कडक भाकरी मात्र सध्या दुधात कुस्करून खा, टाक्यांवर जोर पडायला नको.

आणि डब्याचे म्हणशील तर आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते. पिंपात साठवलेल्या त्या पाण्यात बाटली, बूच, चमचा सगळे दिवसातून आठ वेळा धुवायचे आणि उकळायचे. ते कोण करणार आहे, हे आधी विचारून घे. आमच्या घरी विचारले तेव्हा सगळे गप्प बसले होते.

स्टेथोस्कोप
काकूंच्या मुद्द्याला जोड : पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ती उकळून किंचित निवलेल्या, पण ७० अंश सेल्सिअसच्या खाली न गेलेल्या पाण्यात कालवायची असते आणि मग निववून द्यायची असते. बहुतेक घरांत ती कोमट पाण्यात कालवली जाते, आणि डबा महाग म्हणून चार चमच्यांऐवजी तीनच घातले जातात.

शेंगाचटणी
मधाचे मला खरोखर ठाऊक नव्हते. धाकटीला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे. तिला हा धागा पाठवला आहे. अंगठी फक्त दाखवू.

माहेरवाशीण
उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. गुरुवारी सकाळी वजन २ किलो ७०० ग्रॅम भरले, म्हणजे सात टक्क्यांना जेमतेम कमी. तिथल्या सिस्टरांनी समोर बसून पकड पाहिली, डाव्या बाजूला बाळ नीट धरत नव्हते ते दाखवले, आणि काखेखालून घेऊन पाजायला शिकवले. डबा उघडायचा नाही असे ठरले, पण शुक्रवारी पुन्हा या असे बजावून सांगितले.

गुरुवारी दुपारी चार वाजता दूध उतरले. कोणीतरी आधी सांगायला हवे होते की ते असे दगडासारखे उतरते. अंग इतके ताठ झाले की बाळाला धरताच येईना. आईने थोडे हाताने काढून अग्राजवळचा भाग मऊ करून दिला, मग ती लागली आणि गटागट आवाज पलंगाच्या पायथ्याशी ऐकू आला. मध्येच तोंडातून दूध ओघळले आणि आजीने पदराने पुसून तो पदर स्वतःच्या डोळ्यांना लावला. पाजून झाल्यावर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, दुसऱ्या दिवशी उतार पडला.

शुक्रवारी वजन उतरायचे थांबले होते. रविवारी, सातव्या दिवशी, २ किलो ७९० ग्रॅम. लंगोट त्या दिवशी आठ. त्यांची नोंद आजी दिनदर्शिकेवर करते, दुधाच्या रतिबाच्या खुणांशेजारीच, त्यामुळे आमच्या घरी मे महिन्यात नक्की किती लिटर दूध आले हे आता कोणालाच सांगता येत नाही.

रात्रपाळी
डाव्या बाजूला अजून दुखते का?

माहेरवाशीण
थोडे. चीर पडली होती, ती तुमच्या म्हणण्याप्रमाणे पकड सुधारल्यावर भरत आली आहे; पाजून झाल्यावर शेवटचा थेंब तिथेच लावून वाळू देते.

आज बारावा दिवस, बारसे आहे. सकाळी वजन २ किलो ९४५ ग्रॅम भरले. पूर्वभागवाला दादा, तुमच्या आजींचे भांडे ऐकून आईने माळ्यावरून आमचे पितळी बोंडले काढले, पण त्याची कल्हई गेली होती, म्हणून ते पाळण्याला बांधायच्या खेळण्यांत गेले. पावडरचा डबा भावाने दुकानात परत नेला. पैसे मिळाले नाहीत. दुकानदाराने त्याऐवजी डायपरची दोन पाकिटे दिली आणि ती तिला अजून ढगळ होतात.